संगणकाच्या यूएसबी पोर्टवर चार्जिंग आणि सिंक: आधी बोलणी, मग करंट

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात एक ई-रीडर आणि एक फोन. दोन्ही संगणकाच्या यूएसबी पोर्टला लावून चार्ज होतात आणि त्याच केबलवरून पुस्तकं, फोटो इकडून तिकडे जातात. संगणकाच्या पुढच्या पोर्टला लावलं की कधी चार्ज होतं, कधी होत नाही. एकदा पोर्टवर जास्त करंट ओढला जातोय असा इशारा पडद्यावर आला. गेल्या आठवड्यात घाईत केबल उपसली आणि ई-रीडरवरची निम्मी पुस्तकं दिसेनाशी झाली. तर संगणक जळेल का, बॅटरी खराब होईल का, रात्रभर लावून ठेवलं तर चालेल का, आणि ऑफिसातल्या किंवा दुसऱ्या कुणाच्या संगणकाला उपकरण लावावं का?

जळण्याची भीती बरीचशी सोडून द्या. इतकी वर्षं संगणक आणि फोन उघडून बसतोय, त्यात निव्वळ यूएसबीवर चार्जिंग केलं म्हणून मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचा मुख्य सर्किट बोर्ड, गेला अशी प्रकरणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातही बहुतेक वेळा दोष निघाला तो पोर्टातल्या वाकड्या पिनेचा, नाहीतर ओलाव्याचा. उलट केबल उपसल्यानं फायली गेल्या म्हणून तोंड पाडून येणारी माणसं कायम असतात. म्हणजे तुमच्या तक्रारींत जी शेवटी लिहिली आहे तीच खरी गंभीर. पण आधी करंटचं बोलू, कारण तो उलगडला की बाकीचं आपोआप कळतं.

यूएसबी पोर्ट म्हणजे भिंतीवरचा सॉकेट नव्हे. सॉकेटला जो लावाल तो हवा तेवढा ओढतो. इथे आधी बोलणी होतात. जुन्या चौकोनी प्लगचं टोक उजेडात धरून बघा. आत चार सोनेरी पट्ट्या दिसतील आणि बाहेरच्या दोन मधल्या दोनपेक्षा किंचित लांब असतील. बाहेरच्या दोन विजेच्या, मधल्या दोन डेटाच्या. लांबी मुद्दाम वेगळी ठेवली आहे: प्लग आत जाताना वीज आधी जोडली जावी आणि निघताना शेवटी सुटावी. उपकरणाला प्रथम १०० मिलीअँपिअरपर्यंतच करंट घ्यायची मुभा असते. मग डेटाच्या तारांवरून संगणक विचारतो, तू कोण, तुला किती लागेल? उपकरण आपली ओळख आणि मागणी सांगतं, संगणक होकार देतो आणि मग ५०० मिलीअँपिअरपर्यंत वाट मोकळी होते. हा २००० सालच्या यूएसबी २.० चा नियम. २००८ मध्ये आलेल्या यूएसबी ३.० मध्ये सुरुवात १५० पासून आणि मर्यादा ९०० मिलीअँपिअर. संगणक झोपला आणि त्यानं पोर्टही झोपवला की नियमाप्रमाणे उपकरणानं जेमतेम अडीच मिलीअँपिअरवर राहायचं.

‘रात्री लावला आणि सकाळी ४० टक्केच’ या तक्रारीचं उत्तर बहुधा या शेवटच्या वाक्यात असतं. तुम्ही झोपलात, अर्ध्या तासानं संगणकही झोपला. काही लॅपटॉपांवर एखाद्या पोर्टाशेजारी विजेची किंवा बॅटरीची छोटी खूण असते; तो पोर्ट संगणक झोपला तरी चालू राहतो. तो नसेल तर संगणकाची झोप लांबवा. विंडोजमध्ये ‘डिव्हाइस मॅनेजर’मधल्या ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये एक चौकट असते, वीज वाचवण्यासाठी हे बंद करायला परवानगी देणारी. तिथली खूण काढली की चालू संगणक मध्येच एखादा पोर्ट झोपवत नाही. पण सगळा संगणकच झोपला तर तिचा उपयोग नाही. आणि लॅपटॉप स्वतःच बॅटरीवर चालत असताना त्यावर फोन चार्ज करणं हा तोट्याचा व्यवहार: एका बॅटरीतून काढून दुसरीत भरताना दोन्हीकडे गळती.

आता हिशेब. ५ व्होल्ट गुणिले ५०० मिलीअँपिअर म्हणजे अडीच वॉट. फोनची बॅटरी ५००० मिलीअँपिअर-तासांची असेल तर तिच्यात साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. काहीही वाया गेलं नाही तरी साडेसात तास. प्रत्यक्षात वाया जातंच, त्यामुळे नऊ-दहा धरा. मध्ये पडदा उजळ ठेवून काही बघत बसलात तर येणाऱ्यातलं बरंचसं तिथेच खर्च. ई-रीडरची बॅटरी १५०० च्या आसपास असते, ती तीन-चार तासांत भरते. त्यामुळे ई-रीडर, म्युझिक प्लेअर, छोटा कॅमेरा यांना संगणकाचा पोर्ट छान पुरतो. फोनचं रडतखडत होतं. मोठ्या टॅब्लेटची अशा पोर्टवर अपेक्षाच ठेवू नका. २०१० मध्ये पहिला आयपॅड आला तेव्हा साध्या पोर्टला लावला की ‘चार्ज होत नाही’ असं दाखवायचा, आणि लोक तो बिघडला समजून घेऊन यायचे. बिघाड काही नसायचा. पडदा बंद केला की तोच आयपॅड गोगलगायीच्या गतीनं चार्ज व्हायचा.

मग तुमच्या पडद्यावर इशारा का आला? मला सगळ्यात जास्त संशय केबलचा आहे.

२०१० च्या बॅटरी चार्जिंग नियमावलीनं पोर्टांचे तीन प्रकार पाडले: संगणकाचा साधा पोर्ट, डेटाबरोबर दीड अँपिअरपर्यंत देऊ शकणारा पोर्ट, आणि भिंतीवरचा निव्वळ चार्जर. चार्जर ओळखायची खूण अगदी सोपी ठेवली: त्याच्या आत डेटाच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडलेल्या असतात. उपकरणाला त्या जोडलेल्या सापडल्या की ते समजतं, इथे विचारायला कुणी नाही, हवं तेवढं घ्या. आता ‘फक्त चार्जिंग’च्या बऱ्याच केबलींमध्ये नेमकी हीच जोडणी केबलच्या आतच केलेली असते. अशी केबल संगणकाला लावली की उपकरण फसतं. समोर ५०० चा पोर्ट आणि हे एक-दीड अँपिअर ओढायला बघतं. पुष्कळ मदरबोर्ड थोडा जास्त करंट निमूटपणे देतात. काहींवर व्होल्टेज घसरतं, उपकरण मागे सरतं, पुन्हा ओढतं, आणि चार्जिंगचं चिन्ह लुकलुकत राहतं. काही पोर्ट सरळ तोडतात आणि तुम्हाला तो इशारा दिसतो. म्हणजे संरक्षण नीट काम करतंय, घाबरायचं कारण नाही. अनेक मदरबोर्डांवर पोर्टामागे एक फ्यूज असतो जो तापला की करंट अडवतो आणि गार झाला की पुन्हा सुरू होतो. उपकरण काढा, संगणक पूर्ण बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पोर्ट बहुधा परत येईल. मात्र काहीही न लावता तोच इशारा येत असेल तर पोर्टात टॉर्च मारून बघा. एखादी पट्टी वाकून शेजारच्या पट्टीला किंवा बाहेरच्या पत्र्याला टेकलेली असते.

दुसऱ्या प्रकारच्या चार्जिंग केबलींत डेटाच्या तारा नुसत्याच नसतात. मग बोलणीच होत नाहीत. नियम पाळणारं उपकरण बिचारं १०० मिलीअँपिअरवर बसून राहतं आणि मालक म्हणतो, चार्जिंगची केबल आहे तरी चार्ज होत नाही! म्हणून संगणकासाठी नेहमी डेटाची पूर्ण केबल वापरा, फायली हलवायच्या नसल्या तरी.

टाइप-सी मध्ये बोलणी वेगळ्या पिनेवर होतात. तिथला एक रोधक (रेझिस्टर) सांगतो की हा पोर्ट नेहमीचाच करंट देईल, दीड अँपिअर देईल की तीन. त्यावर पॉवर डिलिव्हरी नावाची आणखी सविस्तर भाषा आहे. तिच्यात पूर्वी १०० वॉटपर्यंत आणि २०२१ पासून २४० वॉटपर्यंत सौदा होतो. दोन्ही टोकांना टाइप-सी असेल तर सहसा चिंता नाही. चिंता आहे ती एका टोकाला जुना चौकोनी आणि दुसऱ्याला टाइप-सी प्लग असलेल्या स्वस्त केबलींची. त्यांच्यात ५६ किलोओहमचा रोधक हवा. काहींनी तिथे १० किलोओहमचा बसवला, म्हणजे जुन्या पोर्टाच्या वतीनं केबलच परस्पर सांगून मोकळी, ‘घ्या तीन अँपिअर’. २०१५-१६ मध्ये गूगलमधले अभियंते बेन्सन लिउंग यांनी अशा केबली विकत घेऊन एकेक तपासल्या. त्यातल्या एकीत तर विजेच्या ताराच उलट जोडलेल्या निघाल्या आणि तिनं त्यांच्या लॅपटॉपचे पोर्ट निकामी केले. केबल ही निरुपद्रवी दोरी नाही, एवढं त्यावरून घ्या.

पुढच्या पोर्टाचं कोडं आता सुटतं. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर झाळलेले असतात. पुढचे पोर्ट कॅबिनेटच्या आतून एका बारीक केबलनं आणलेले असतात, आणि तिच्यावर तुमची बाहेरची केबल. प्रत्येक तार थोडं व्होल्टेज खाते. केबलच्या आवरणावर बारीक अक्षरात २८ एडब्ल्यूजी किंवा २४ एडब्ल्यूजी असं तारेच्या जाडीचं माप छापलेलं असतं. आकडा जितका लहान तितकी तार जाड. २८ ची एक मीटर केबल, जाऊन-येऊन दोन्ही तारा धरून, एक अँपिअरला साधारण ०.४३ व्होल्ट खाते. दोन मीटरची ०.८५. म्हणजे पोर्टावर ५ व्होल्ट असले तरी टोकाला ४.१५ पोचले. लिथियम बॅटरी पूर्ण भरायला ४.२ व्होल्ट तरी लागतात. उतारावरून पाणी वर कसं चढणार? उपकरण करंट कमी करतं, किंवा चार्जिंग थांबवतं. विजेच्या तारा २४ च्या असतील तर तीच घट मीटरला ०.१७ वर येते. आखूड आणि जाड केबल, मागचा पोर्ट, यानं ‘कधी होतं, कधी नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा जागच्या जागी मिटते.

हबबद्दल, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणाऱ्या डबीबद्दल, थोडंच. ज्या हबला स्वतःचा अडॅप्टर नाही त्याला संगणकाकडून ५०० मिळतात, त्यातले १०० तो स्वतःसाठी ठेवतो आणि उरलेल्यातून चार पोर्टांना प्रत्येकी १०० देतो. त्यावर चार्जिंग होत नाही. कीबोर्डच्या पाठीवरच्या पोर्टाचीही हीच गत. अडॅप्टरवाला हब चांगला, पण स्वस्तातला असेल तर एक परीक्षा घ्या: संगणक बंद करा, भिंतीवरची त्याची वीज काढा, हब मात्र चालू ठेवा. मी एकदा असं केलं आणि बंद संगणकाला लावलेल्या माउसचा लाल दिवा शांतपणे जळत राहिला. हब उलट्या दिशेनं संगणकात वीज ढकलत होता. तो हब त्या दिवसापासून माझ्या टेबलावर नाही.

बॅटरीचं सांगायचं तर भरणं कधी थांबवायचं हे उपकरणाच्या आतलं सर्किट ठरवतं. त्यामुळे रात्रभर लावून ठेवल्यानं जास्त भरून फुटली वगैरे होत नाही. ५०० मिलीअँपिअरचा संथ करंट फोनच्या बॅटरीला उलट सोसतो. तिचा शत्रू उष्णता. लॅपटॉपच्या गरम हवेच्या जाळीपाशी, उशीखाली किंवा जाड कव्हरात घालून चार्ज करू नका. उपकरण दिवसेंदिवस केबललाच लटकलेलं असेल आणि त्यात ८० टक्क्यांवर थांबायची सोय असेल तर ती चालू करा. फुगलेली बॅटरी मात्र कुठल्याही पोर्टला लावायची नाही.

आता फायली.

यूएसबीवरून फायली देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पुष्कळसे ई-रीडर, कॅमेरे आणि जुने म्युझिक प्लेअर पेनड्राइव्हसारखे वागतात: आपली सगळी साठवण संगणकाच्या ताब्यात देतात आणि स्वतः बाजूला होतात. म्हणून केबल लावली की अशा ई-रीडरवर वाचता येत नाही. कुठली फाइल कुठे ठेवली याची नोंदवही तेवढ्या वेळेपुरती संगणक लिहितो, आणि तो ती नेहमी लगेच लिहितोच असं नाही. काही भाग स्वतःच्या मेमरीत धरून ठेवतो आणि सवडीनं उतरवतो. पडद्यावरची हिरवी पट्टी भरून नाहीशी झाली म्हणजे काम झालं, हा सगळ्यात महागात पडणारा समज. लिनक्सवर तर कित्येकदा पट्टी चटकन संपते आणि ‘इजेक्ट’ (केबल काढण्याआधी संगणकाला तसं सांगणं) म्हटल्यावर मिनिटभर काही हलत नाही; खरं लिहिणं तेव्हा चालू असतं. विंडोज १० च्या २०१८ मधल्या १८०९ आवृत्तीपासून मूळ सेटिंग झटपट काढता येण्याचं झालं, त्यामुळे तिथे धोका कमी आहे. लिहिणं चालू असताना केबल उपसली तर तेही सेटिंग वाचवत नाही.

तुमच्या पुस्तकांचं असं करा. ई-रीडर संगणकाला लावा आणि संगणकाच्या पडद्यावरून फोल्डर उघडा. पुस्तकांच्या फायली तिथे दिसत असतील तर फक्त ई-रीडरची स्वतःची यादी बिघडली आहे. नीट इजेक्ट करून तो रीस्टार्ट करा आणि यादी पुन्हा बनेपर्यंत चार्जिंगवर सोडा. फायलीच दिसत नसतील तर त्यावर नवीन काहीही टाकू नका. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. जेवढं वाचता येतंय तेवढं आधी संगणकावर कॉपी करून घ्या, आणि त्यानंतरच ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमधून एरर चेकिंग चालवा. हा क्रम उलटा करू नका. दुरुस्तीचं साधन नोंदवही सरळ करण्याच्या नादात अर्धवट नोंदी पुसूनही टाकतं. सापडलेले तुकडे कधी कधी ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात विचित्र नावांनी पडलेले असतात, तेही बघून घ्या.

इजेक्ट करताना ‘उपकरण वापरात आहे’ असं उत्तर आलं तर चिडून केबल ओढू नका. त्या ड्राइव्हचं फोल्डर उघडं असतं, एखादा फोटो उघडा असतो, नाहीतर अँटीव्हायरस आत फिरत असतो. सगळं बंद करून पुन्हा करा. तरी ऐकलं नाही तर संगणक पूर्ण बंद करा आणि मग काढा.

फोनची तऱ्हा वेगळी. अँड्रॉइड फोन साठवण आपल्याच ताब्यात ठेवतो आणि संगणक मागेल ती फाइल देतो किंवा घेतो. एमटीपी म्हणतात ती हीच. केबल निघाली तरी नोंदवही बिघडत नाही, पण जी फाइल वाटेत होती ती अर्धवट राहते. म्हणून फोनवरची फाइल संगणकावरून थेट उघडून तिच्यात बदल करत बसू नका. आधी कॉपी करून घ्या. आणि कट-पेस्ट कधीही नको. एका गृहस्थांनी तीन हजारांवर फोटो कट करून संगणकावर पेस्ट केले. केबल सैल होती, मध्ये दोनदा सुटली. काही फोटो इकडे होते, काही तिकडे, आणि शे-दीडशे कुठेच नव्हते. कॉपी करा, संगणकावर पाच-दहा उघडून बघा, संख्या जुळवा, मग फोनवरून पुसा.

सिंक हा बॅकअप नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. दोन्ही बाजू सारख्या करणं हे सिंकचं काम. एका बाजूला चुकून पुसलंत तर दुसरीकडेही तो इमानानं पुसेल. मोठ्या सिंकच्या आधी, आणि उपकरणाचं सॉफ्टवेअर अपडेट करण्याआधी तर नक्कीच, बॅटरी निम्मी तरी भरून घ्या, मागच्या पोर्टला थेट लावा आणि संगणकाची झोप तेवढ्यापुरती बंद ठेवा.

ऑफिसातल्या किंवा परक्या संगणकाबद्दल. केबल एकच असल्यानं वीज घ्यायला गेलात तरी डेटाचं दार शेजारीच असतं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत फुकट चार्जिंगचा एक खोका ठेवून हा धोका दाखवला गेला होता. त्यानंतर फोन सावध झाले. आयफोन २०१३ च्या आयओएस ७ पासून विचारतो, या संगणकावर विश्वास ठेवायचा का. अँड्रॉइड २०१५ च्या ६.० पासून फक्त चार्जिंगवरच सुरू होतो. लॉक केलेला फोन, त्या प्रश्नाला ‘नाही’ आणि यूएसबी डिबगिंग (संगणकावरून फोनला आज्ञा देता येण्याची, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठीची सोय) बंद, एवढं पुरेसं आहे. पेनड्राइव्हसारख्या वागणाऱ्या ई-रीडरला मात्र असं कुठलंच कुलूप नसतं; लावला की सगळं उघडं, आणि त्या संगणकात काही किडे असतील तर तेही आत. तो परक्या संगणकाला लावूच नका. डेटा अडवणारे छोटे जोड मिळतात, पण ते बोलणीच तोडतात, मग वर ‘फक्त चार्जिंग’च्या केबलींबद्दल सांगितलेल्या दोनांपैकी एक भानगड होते. खिशात छोटा अडॅप्टर बाळगलेला बरा. ऑफिसचा संगणक असेल तर विचारून लावा. तिथल्या लोकांची हरकत वीज जाते म्हणून नसते. एखादं यूएसबी उपकरण संगणकाला ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगून परस्पर आज्ञा टाइप करू शकतं, हे २०१४ मध्ये जाहीरपणे दाखवलं गेलं आहे, आणि बाहेरून कोणतं उपकरण कोरं आहे हे दिसत नाही.

आज संध्याकाळी करायचं ते असं. ई-रीडर बंद करून त्याच्या पोर्टातला कापूस-धूळ लाकडी टूथपिकनं अलगद काढा. सुई किंवा टाचणी नको. आखूड, डेटाची केबल घेऊन मागच्या पोर्टला लावा. तासभर इशारा आला नाही तर दोष जुन्या केबलचा किंवा पुढच्या पोर्टाच्या आतल्या वायरीचा, आणि ती जुनी केबल कापून टाका, नाहीतर महिन्याभरानं कुणीतरी तीच पुन्हा ड्रॉवरमधून काढेल. तरीही इशारा आला तर ई-रीडरचा चार्जिंग पोर्टच तपासायला द्या आणि तोवर तो कुठल्याही संगणकाला लावू नका.